सतरावी ओळ

उंबऱ्यांच्या फ्रीजची तक्रार शीतल गवसानेकडे आली तेव्हा बार्शीत पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला होता आणि तिच्या फोनवर अकरा तक्रारी आधीच रांगेत होत्या. तरीही ती पहिल्यांदा उंबऱ्यांकडे गेली, कारण तक्रार चमत्कारिक होती. फ्रीज नीट थंड करत होता. पाणी गळत नव्हतं, खडखड नव्हती. फक्त तो सारखा सांगत होता की आत काहीतरी खराब होतंय, आणि आत खराब असं काहीच नव्हतं.

शीतल एकेचाळीस वर्षांची होती. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा कोर्स करून तिनं वीस वर्षं फ्रीज दुरुस्त केले होते. फ्रीजवालीचं नाव शीतल, यावर प्रत्येक नवं गिऱ्हाईक एकदा हसायचंच, आणि तीही आता सवयीनं हसायची. पण त्या दिवशी दार उघडणाऱ्या ऋतुजा उंबरेला हसू आलं नाही.

ऋतुजा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नोकरी करायची. तिचा नवरा निखिल मंगळवेढ्याकडच्या एका सौर प्रकल्पावर होता, शनिवारी घरी यायचा. बाकी घरात ती आणि तिच्या सासूबाई. ऋतुजानं सांगितलं की आठ दिवसांपूर्वी हे सुरू झालं. आधी त्यांनी शिळी भाजी टाकली, मग लोणी, मग सगळंच. फ्रीज सोड्याच्या पाण्यानं आतून पुसून काढला. आता आत पाण्याच्या बाटल्या आणि बर्फाचा ट्रे एवढंच होतं, तरी दिवसातून तीन-चारदा पंखा जोरात सुरू व्हायचा आणि आतून बाईचा आवाज यायचा, अगदी अदबीनं: "आतला एक पदार्थ खराब होत आहे. कृपया बाहेर काढा."

शीतलनं पिशवीतून मीटर काढला. या नव्या फ्रीजमधला बिघाड म्हणजे बहुतेक वेळा कॉम्प्रेसरचा नसतोच. सगळं एका कंट्रोल बोर्डावर चालतं, आणि बोर्ड निर्णय घेतो तो सेन्सर जे सांगतील त्यावरून. एखादा सेन्सर खोटं बोलायला लागला की शहाणा बोर्डही वेड्यासारखा वागतो. म्हणून तिनं एकेक साक्षीदार तपासायला घेतला. तापमानाचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून त्याचा रेझिस्टन्स तक्त्याशी ताडून पाहिला. बरोबर होता. दाराचा स्विच, पंख्याला मिळणारा व्होल्टेज, जोडण्यांच्या पिना, अर्थिंग, सगळं जागच्या जागी. राहिलं ते नाक.

नाक हा मेकॅनिक लोकांचा शब्द. मागच्या भिंतीत नखाएवढी एक पट्टी असते, तिच्यावर बत्तीस सूक्ष्म ठिपके. प्रत्येक ठिपका वेगळ्या धातूच्या ऑक्साइडचा. हवेतला एखादा वायू त्याला चिकटला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो. बत्तीस ठिपक्यांच्या बत्तीस बदलांतून एक ठसा तयार होतो, जसा बोटाचा असतो. नासणाऱ्या दुधाचा ठसा वेगळा, कुजणाऱ्या पालकाचा वेगळा. माणसाच्या नाकाला कळायच्या तीन-चार दिवस आधी या नाकाला कळतं.

फ्रीजच्या दारावर छोटा पडदा होता. त्यावर घरच्यांना भाजीचं चित्र आणि हिरवं पान दिसायचं. मेकॅनिकला मात्र बाजूची दोन बटणं एकदम दाबून पाच अंक मोजले की आतला तक्ता दिसायचा. शीतलनं तो उघडला. नासण्याच्या प्रत्येक वासाला एक ओळ होती. सोळा ओळी जुन्या, रिकाम्या झालेल्या. सतराव्या ओळीत लिहिलं होतं: अनोळखी पदार्थ. स्थिती, खराब होत आहे. शिल्लक मुदत, २१२ दिवस.

तिला हसू आलं. दोनशे बारा दिवस नासत राहील असा पदार्थ तिनं तरी कुठल्या फ्रीजमध्ये पाहिला नव्हता. नाक बिघडलं होतं, दुसरं काय. वॉरंटी होती. तिनं नाक आणि बोर्ड दोन्ही बदलले, अर्धा तास थांबली, फ्रीज गप्प राहिला. जाताना तिनं बाहेरच्या खोलीत परातीत ज्वारी निवडत बसलेल्या छायाबाईंना, म्हणजे ऋतुजाच्या सासूबाईंना, येते म्हणून सांगितलं. छायाबाई एकाहत्तर वर्षांच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. पाणी प्यायल्याशिवाय जाऊ नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ऋतुजाचा फोन आला. फ्रीज पुन्हा बोलला होता.

या वेळी शीतलनं आधी तक्ता उघडला. बोर्ड नवा होता, पण घराची शिकलेली माहिती कंपनीकडे साठवलेली असते आणि नव्या बोर्डात आपोआप उतरते. सतरावी ओळ जिथल्या तिथं होती. मुदत २१०. नवं नाक, नवा बोर्ड, आणि तोच ठसा. म्हणजे खोटं कुणीच बोलत नव्हतं. तो वास खरोखर होता.

तिनं वेळांची नोंद पाहिली. सहा वाजून पाच मिनिटं. दहा चाळीस. चार दहा. पुन्हा सहा पाच, पुन्हा चार दहा. सकाळचा चहा, ताक, दुपारचा चहा. यांतल्या दिवसाच्या दोन वेळांना ऋतुजा बहुतेक ऑफिसात असायची.

शीतलनं फ्रीज पूर्ण रिकामा केला. बाटल्याही काढल्या. मग ऋतुजाला दार उघडून मिनिटभर उभं राहायला सांगितलं. काही झालं नाही. स्वतः उभी राहिली. काही झालं नाही. मग तिनं छायाबाईंना हाक मारली आणि म्हणाली, मावशी, जरा दार उघडून बघता का, कुठं घट्ट वाटतंय का.

छायाबाईंनी पदराला हात पुसले आणि दार उघडलं. वीसेक सेकंद गेले. मग आतला पंखा घुमायला लागला, पांढरा दिवा पिवळा झाला, आणि त्या मोकळ्या, स्वच्छ, उजळलेल्या कप्प्यांतून आवाज आला: "आतला एक पदार्थ खराब होत आहे. कृपया बाहेर काढा."

छायाबाई दाराच्या मुठीला धरून तशाच उभ्या राहिल्या. थंड हवा त्यांच्या पायांवर उतरत होती. त्यांनी एकेक कप्पा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"शीतल," त्या म्हणाल्या, "आत तर काहीच नाही."

शीतलनं पुढं होऊन दार लावलं आणि फ्रीजचा आवाज कायमचा बंद करून टाकला. नाक फारच तिखट आहे, अत्तराचा किंवा औषधाचा वास धरत असेल, असं काहीतरी ती बोलली. पण अंगणात आल्यावर तिनं ऋतुजाला बाजूला घेतलं. फ्रीजच्या नाकाला आतलं आणि बाहेरचं कळत नाही, तिनं सांगितलं. दार उघडलं की स्वयंपाकघरातली हवा आत शिरते, तीही ते हुंगतं. आणि नासताना जे वायू निघतात त्यांतले काही आजारी शरीरातूनही निघतात, श्वासातून, घामातून. आईंना एकदा सोलापूरला दाखवून आणा.

दुपारी निखिलचा फोन आला. तो रागावलेला होता. फ्रीज दुरुस्त करायला बोलावलं होतं, माझ्या आईची तपासणी करायला नाही, असं त्यानं दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. शीतलनं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात ऋतुजा रजा काढून सासूबाईंना सोलापूरला घेऊन गेली.

आजार यकृताचा निघाला. जुना, हळूहळू वाढणारा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. बरा होणार नाही, पण औषधं आणि पथ्य पाळलं तर दोन-तीन वर्षं सहज निघतील, कदाचित जास्तही. निखिलनं शीतलला पुन्हा फोन केला. माफी मागायला केला होता, पण बोलला बराच वेळ पावसाबद्दल. तिला ते समजलं.

ऑगस्टमध्ये छायाबाईंनी स्वतः फोन केला. फ्रीज चांगला आहे, म्हणाल्या, पण तू ये.

त्या घरात एकट्याच होत्या. बारीक झाल्या होत्या आणि डोळ्यांत पिवळेपणा होता. त्यांनी शीतलला स्वयंपाकघरात नेलं, फ्रीजपुढं उभ्या राहिल्या, बाजूची दोन बटणं एकदम दाबली आणि पुटपुटत पाच अंक मोजले. अंगणवाडीतल्या पोरांना मोजायला शिकवावं तसं, सावकाश. तक्ता उघडला. मेमध्ये त्यांनी शीतलला हे करताना पाहिलं होतं.

सतरावी ओळ. शिल्लक मुदत, ११८ दिवस.

"डॉक्टर दोन वर्षं म्हणतो, हा एकशे अठरा दिवस म्हणतो. आता तू सांग, कुणाचं खरं धरू?"

शीतलनं सांगितलं की हे गणित दह्यासाठी आणि पालकासाठी केलेलं आहे, माणसासाठी नाही, ते विसरून जा. छायाबाईंनी शांतपणे ऐकलं. मग त्या म्हणाल्या की दह्याचं असतं तर आकडा रोज एकानं उतरला असता. हा तसा उतरत नाही. जुलैत दोन दिवस उलट्या झाल्या, ऋतुजाला कामावर जाता आलं नाही, तेव्हा चौदा दिवस एकदम गेले. नंतरच्या रविवारी निखिल सकाळपासून संध्याकाळपर्यंत जवळ बसला, भाकरी स्वतःच्या हातानं कुस्करून दिली. सोमवारी पाहिलं तर दहा वाढले होते.

"माझ्या जिवाचं मला कळत नाही इतकं ह्याला कळतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती. वैद्याचं कौतुक करावं तसं त्या बोलत होत्या.

त्यानंतर शीतल दर बुधवारी उंबऱ्यांकडे जायला लागली. कधी दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेचं रबर, पाहायचं निमित्त, कधी नुसतीच. आधी ती छायाबाईंसाठी जात होती. नंतर तिच्या लक्षात आलं की दार उघडून दोन बटणं दाबल्याशिवाय आपल्यालाही राहवत नाही. १०३. ९६. ९९. ७१. छायाबाईंनी चांगली लुगडी काढून नात्यातल्या बायकांना वाटली. कुर्डुवाडीच्या बहिणीला बोलावून चार दिवस ठेवून घेतलं. अंगणवाडीतल्या जुन्या मदतनीस बाईशी वीस वर्षांचा अबोला होता, तो मिटवला. ऋतुजाला आणि निखिलला वाटलं, आजारानं माणूस हळवं होतंच. आकड्याबद्दल त्या दोघांना काही माहीत नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी आकडा ४० वर आला आणि शीतलनं कंपनीच्या तांत्रिक विभागाला फोन लावला. तिकडून एक तरुण इंजिनियर मुलगी बोलत होती. शीतलनं माणसाचा उल्लेख केला नाही. एवढंच विचारलं की शिल्लक मुदत नेमकी कशावरून काढतात. किती जंतू वाढले, किती नासलं, याचं गणित असेल ना?

नाही, मुलगी म्हणाली, आणि तिनं जे सांगितलं ते तिच्या दृष्टीनं अगदी साधं होतं. पदार्थ खरा कधी नासला हे यंत्राला कोण सांगणार? लाखो घरांतल्या कुणी प्रयोगशाळेत थोडंच तपासलं होतं? यंत्राला एकच गोष्ट नक्की कळायची: ती वस्तू घरातून कधी गेली. वास एक दिवस असायचा आणि दुसऱ्या दिवशी नसायचा. म्हणजे कुणीतरी ती टाकली. तेवढ्यावरूनच ते शिकलं. मुदत म्हणजे पदार्थ नासेपर्यंतचे दिवस नव्हेत. हे घर तो बाहेर काढेपर्यंतचे दिवस.

आणि ते आधी कसं कळतं, शीतलनं विचारलं.

माणसांच्या वागण्यावरून, मुलगी म्हणाली. कप्प्यांखाली वजनाचे काटे असतात, दाराला घड्याळ असतं. टाकायची वस्तू कुणी एकदम टाकत नाही, मॅडम. आधी ती मागं सरकते. मग तिच्या पुढं दुसरं काहीतरी ठेवलं जातं. मग त्या कप्प्याला हात कमी लागतो. तो वास असला की लोक दार लवकर लावतात. टाकायचं त्यांनी ठरवलेलं नसतं तेव्हापासून हे सुरू होतं. आमचा अंदाज सहसा चुकत नाही.

शीतलनं फोन ठेवला आणि दुकानातल्या स्टुलावर बसली. मग तिला जे आठवायला लागलं ते तिनं प्रत्येक बुधवारी पाहिलं होतं. छायाबाईंच्या पेजेचं पातेलं ऑगस्टमध्ये मधल्या कप्प्यात पुढं असायचं. सप्टेंबरमध्ये ते खालच्या कप्प्यात गेलं. आता ते अगदी मागं होतं, त्याच्यापुढं ऋतुजाच्या डब्याची भाजी. औषधाची बाटली दारातून उचलून कोपऱ्यात ठेवली होती. ऋतुजा वाईट मुळीच नव्हती. पथ्य सांभाळायची, गोळ्या वेळेवर द्यायची. फक्त छायाबाई स्वयंपाकघरात असल्या की ती त्या बाहेर येईपर्यंत थांबायची आणि मग आत जायची.

पुढचे तीन बुधवार शीतलला जायला धीर झाला नाही. चौथ्या बुधवारी ती छायाबाईंच्या झोपेची वेळ पाहून गेली. ऋतुजा घरी होती. आकडा ९ होता.

तिनं ऋतुजाला सगळं सांगितलं. ओळ, आकडा, त्याचं वर-खाली होणं, आणि इंजिनियर मुलीनं सांगितलेला त्याचा अर्थ. ऋतुजा ओट्याला टेकून ऐकत होती. नऊ म्हटल्यावर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि खाली बसली.

वैराग रस्त्यावर वृद्धांसाठी एक निवास होता. तिथं आजारी माणसांचीही व्यवस्था होती. एक तारखेपासून छायाबाईंसाठी तिथली खोली घेतली होती. एक तारखेला नऊ दिवस होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" ऋतुजानं विचारलं. "हे आम्ही घरात बोललोच नाही. गाडीत बोललो, सोलापूरहून येताना. फॉर्मही निखिलनं तिकडं प्रकल्पावरूनच भरला. या घरात त्याचा एक शब्द निघालेला नाही."

 फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तशा दोघी दचकल्या.

मग ऋतुजा रडली. रात्रीची उठबस, ऑफिसातली बोलणी, निखिलचं फक्त शनिवारी असणं, आणि स्वतःच्याही नकळत येणारी ती शिसारी, जिची तिला लाज वाटायची. ती सगळं बोलली. आणि तिथंच, शीतलसमोर, तिनं निवासाला फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. निखिललाही कळवलं. तो म्हणाला, बरं केलंस, मी सुट्टी टाकून येतो. सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ऋतुजानं शीतलकडून कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शीतल मुद्दाम गेली. खोली रद्द झाली होती, निखिल घरी आला होता. आकडा वाढलेला असणार होता.

आकडा ८ होता.

छायाबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी शीतलला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या की आठच राहिले, निखिलही न बोलावता आला, त्यालाही आतून कळलं असेल. मरणाची वाट पाहणारी ती बाई इतकी शांत होती की शीतलला ते सहन होईना. आठ दिवसांनी ती मरणार नव्हती. त्यानंतर तिनं काय करायचं होतं? शीतलनं दिलेला शब्द मोडला.

"मावशी, तुम्ही मरणार नाही आहात," ती म्हणाली. मग ऋतुजाला सांगितलं होतं तेच तिनं त्यांनाही सांगितलं, जमेल तितक्या मऊ शब्दांत. खोली रद्द केलीय, हे तीनदा सांगितलं.

छायाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. समोरच्या घरच्या बाईनं दोरीवरचे वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, आत गेली, तेवढा वेळ.

"मरणाची मी तयारी केली होती," त्या शेवटी म्हणाल्या. "याची नव्हती केली."

पुढचे दिवस त्या घरानं कधी पाहिले नव्हते इतके प्रेमाचे गेले. पेजेचं पातेलं पुढच्या कप्प्यात आलं. निखिल आईच्या खोलीतच झोपायला लागला. तिघं स्वयंपाकघरात एकत्र जेवायची. ऋतुजानं दोन महिन्यांची रजा मागितली. आणि आकडा सात झाला, सहा झाला, पाच झाला. जो आधी कधीही रोज एकानं उतरला नव्हता, तो आता घड्याळासारखा उतरत होता.

दोन राहिले त्या दिवशी ऋतुजा शीतलच्या दुकानात आली. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली की निखिल आता तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो, आणि तीही त्याच्याकडे. कुणी आवाज चढवला की दोघं एकदम गप्प होतात. आज सकाळी आईंच्या हातून पेला पडला तर ती स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली.

"ताई, तुम्हाला त्याच्यातलं कळतं," ती म्हणाली. "मला सांगा, परवा मी काय करणार आहे?"

एक तारखेला सकाळी निखिलला जाग आली तेव्हा आईचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. औषधं नव्हती, पिशवी नव्हती. पेजेचं पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलं होतं. फ्रीजच्या तक्त्यात सोळाव्या ओळीखाली मोकळी जागा होती. सतरावी ओळ नव्हती.

त्या कुठं गेल्या हे शोधावं लागलं नाही. आठ वाजता निवासातूनच फोन आला. छायाबाईंनी तीन दिवसांपूर्वी स्वतः फोन करून ती खोली पुन्हा घेतली होती. उजाडताच रिक्षा करून त्या तिथं पोचल्या होत्या आणि फॉर्मवर सही स्वतःची केली होती.

ऋतुजा आणि निखिल लगेच गेले. पाया पडले, रडले, परत चला म्हणाले. त्या आल्या नाहीत. संध्याकाळी शीतल गेली तेव्हा त्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून गवार मोडत होत्या, निवासाच्या स्वयंपाकासाठी.

"मला कुणी काढलं नाही. मी उठून आले," त्या म्हणाल्या. "तू त्यांना तसंच सांग. माझ्यापुढं ती पोरं जीव मुठीत धरून जेवत होती. घास उतरत नव्हता कुणाला."

शीतल परत निघाली तेव्हा ती इंजिनियर मुलगी काय म्हणाली होती ते तिला आठवत राहिलं. हे घर तो बाहेर काढेपर्यंतचे दिवस. घरातलं कोण, हे तिनं सांगितलं नव्हतं आणि शीतलनं विचारलं नव्हतं. सगळे ऋतुजावर आणि निखिलवर नजर ठेवून होते. छायाबाईही त्याच घरातल्या होत्या, दिवसातून सर्वांत जास्त वेळा दार उघडणाऱ्या. आणि दर बुधवारी येऊन दार उघडणारा, आकडा पाहून पटकन लावणारा आणखी एक हात त्या नोंदीत होता. मी सांगितलं नसतं तर त्या गेल्या नसत्या, असं शीतलला वाटायचं. मग तिला आठवायचं की तिनं सांगायच्या आधीच्या दिवशीही आकडा नऊच होता. ती सांगणार, हेही त्यात धरलेलं होतं का, याच्यापुढं तिचा विचार जायचा नाही.

छायाबाई निवासात दोन वर्षं आठ महिने राहिल्या. डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. ऋतुजा दर गुरुवारी जायची आणि दोघींचं तिथं घरातल्यापेक्षा बरं जमलं.

पण त्या अजून हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हाची, त्या पहिल्या जानेवारीतली एक गोष्ट सांगायची राहिली. इतर गावांतूनही अशा तक्रारी गेल्या असाव्यात. कंपनीनं सगळ्या मेकॅनिकना नवा प्रोग्राम पाठवला. तो बोर्डात भरला की दार उघडं असताना आलेला कुठलाही वास फ्रीज विसरून जाणार होता. शीतलनं पहिला दिवस उंबऱ्यांकडचा ठेवला. रविवार होता. निखिल अंगणात मोटारसायकल धूत होता.

प्रोग्राम भरायला आतला तक्ता उघडावा लागायचा. शीतलनं बटणं दाबली, पाच अंक मोजले. सोळाव्या ओळीखाली सतराची मोकळी जागा होती. तिच्याखाली एक ओळ नव्यानं आली होती. अठरा. अनोळखी पदार्थ. स्थिती, खराब होत आहे.

पुढचं शीतलला वाचता आलं नाही. ऋतुजानं झटकन हात पुढं करून पडद्यावर तळवा दाबून धरला होता. तिनंही तेवढंच वाचलं होतं. बाहेर बादली उपडी झाल्याचा आवाज आला आणि पाणी फरशीवरून वाहत गेलं.

घरात दोघंच होते. शीतल हलक्या आवाजात म्हणाली की उद्याच्या उद्या दोघंही सोलापूरला जा, सगळ्या तपासण्या करून घ्या, उशीर करू नका.

"जाऊ," ऋतुजा म्हणाली. तिनं हात काढला नाही. "कोण आहे ते डॉक्टर सांगतील. किती दिवस ते ह्याच्याकडून नको."

तळव्याच्या कडेनं पडद्याचा निळा उजेड तिच्या बोटांवर पडला होता. शीतलनं चाचपत नवा प्रोग्राम भरायचं बटण शोधलं आणि दाबलं.